पिवळा दिवा आणि वॉचमनकाकांचं रजिस्टर

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

सकाळी पार्सल घ्यायला खाली उतरले. वॉचमनकाका गेटवर होते, म्हणून मीच केबिनमध्ये शिरले. भिंतीवर फायर अलार्मचं पॅनेल. त्यावर पिवळा दिवा पेटलेला, आणि बझरच्या भोकांवर खाकी चिकटपट्टी. एकावर एक तीन थर! खाली रजिस्टर पडलेलं. सहज उघडलं, तर पानापानावर तारीख, वेळ आणि इंग्रजी अक्षरं : 'झोन 7 ओपन'. काकांना इंग्रजी वाचता येत नाही. पेटलेल्या दिव्याखाली जे छापलंय ते त्यांनी चित्र काढावं तसं उतरवलंय. ऑक्टोबरपासून 46 वेळा. शेजारच्या सहीच्या रकान्यात कमिटीतल्या एकाचीही सही नाही.

विचारलं, "काका, पट्टी कुणी लावली?"
"मीच, ताई. वाजलं की सायलेन्स दाबा म्हणाले. दाबलं तरी थोड्या वेळानं परत वाजतं. वरून लोकांचे फोन येतात."

अहो, वाजणारच ना! सायलेन्सने रडणं थांबतं, दुखणं नाही. मी 31 वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तिथे अलार्मचा आवाज बंद करून फॉल्ट तसाच ठेवला असता तर साहेबांनी उभं सोललं असतं. पॅनेलवर लाल म्हणजे आग, हे सगळ्यांना कळतं. पिवळा म्हणजे पॅनेल सांगतंय की मला एका बाजूचं दिसेनासं झालंय. त्या वायरमधून सतत थोडासा करंट फिरत असतो, टोकाला एक रेझिस्टर बसवलेला असतो. मध्ये कुठे वायर तुटली किंवा छतावरचा धूर ओळखणारा डिटेक्टर त्याच्या बेसमधून काढला की तो करंट थांबतो आणि 'ओपन' येतं. तुटलंय त्याच्या पुढचे डिटेक्टर मग मुके. एवढं साधं आहे. रीसेट दाबून काही होत नाही, मूळ फॉल्ट काढेपर्यंत दिवा परत पेटणारच.

मान्य आहे, रात्री तीनला हे वाजलं की जीव नकोसा होतो. मान्य आहे, गणपतीत धूप घातला की उगाच बोंबलतं, डिटेक्टरमध्ये झुरळं शिरतात, पावसाळ्यात ओल धरली की करंट जमिनीत गळून 'अर्थ फॉल्ट' येतो. पण म्हणून चिकटपट्टी?

एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, येतो, रीसेट दाबतो, दिवा विझलेला असतानाच सही घेऊन पळतो. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाकडे 'फॉर्म बी'चा दाखला जातो : सगळी यंत्रणा सुस्थितीत. या जानेवारीचाही जाईल. 9 जानेवारीला आपण सगळ्यांनी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या आगीत गेलेल्या त्या 10 बाळांची आठवण काढून पोस्टी टाकल्या. मीही टाकली. तेव्हा खाली रजिस्टरात चाळिसावी की एकेचाळिसावी नोंद पडत होती.

आता खरी गोष्ट. झोन 7 म्हणजे सातवा मजला. मी सातव्यावर राहते.

वर आले आणि लिफ्टच्या लॉबीत मान वर करून बघितलं. छताला नुसता बेस. दिवाळीआधी माझ्याच घराचं रंगकाम होतं, माझ्याच सांगण्यावरून पेंटरने बाहेरचं छतही रंगवलं. डिटेक्टर आमच्या चपलांच्या कपाटात, जुन्या बिलांखाली सापडला. पिशवीत नीट गुंडाळलेला. त्याच्या पुढचा डिटेक्टर इलेक्ट्रिक डक्टमध्ये आहे, जिथे सातही मजल्यांच्या केबल्स एकत्र येतात. अडीच महिने तो मुका होता, माझ्यामुळे.

एका पानावर काकांनी 'झोन 7'च्या खाली मराठीत लिहिलंय : "वर जाऊन बघितले, धूर नाही." रात्री 2.40. गुडघे दुखतात त्यांचे. त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं की झोन बंद असेल तर त्या मजल्यावर फेरी मारायची असते. मी त्या वेळी दाराच्या आत घोरत होते.

दुपारी इलेक्ट्रिशियनला बोलावून डिटेक्टर बसवला, काकांनी रीसेट दाबला. झोन 7 गेला. पिवळा दिवा काही गेला नाही, कारण आता बॅटरी फॉल्ट दिसतोय. इतके दिवस दोन्ही एकत्र होते. वीज गेली तर पॅनेल चालवायला आत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, लेबलवर 2019. आग लागली की पहिलं काम मेन स्विच पाडायचं. तो पाडला की आपलं पॅनेल तिथेच मेलं.

सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, "काकू, फंड बघावा लागेल." लॉबीत ग्रॅनाइट बसवताना फंड होता हो. पण जाऊ दे, डिटेक्टर माझ्या कपाटात सापडल्यावर माझा आवाज फार चढत नाही.

चिकटपट्टी मी काढली आहे. आज रात्री वाजेल, वरून फोन करायचा असेल तर काकांना नको, मला करा. रविवारच्या मीटिंगला मी रजिस्टर घेऊन येणार आहे.