जिथे अडलं तिथे रेघ

गेल्या शुक्रवारी सांगलीहून वहिनींचा फोन आला, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पुतणी केव्हाच झोपली होती आणि वहिनी तिच्या ‘आपले मदतनीस’ प्रकल्पासाठी चार्टपेपरवर चित्रं चिकटवत बसल्या होत्या. मुलगी तिसरीत. “ग्रुपवर बाकीच्यांचे फोटो येऊन पडलेत,” म्हणाल्या.

गृहपाठ हवा की नको, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद पेटतो. नको म्हणणारे दप्तराचं ओझं दाखवतात, हवा म्हणणारे मुलांच्या हातातला मोबाइल. पण दप्तराच्या ओझ्याचा विचार करायला केंद्राने नेमलेल्या यशपाल समितीने प्राथमिक वर्गांना असा गृहपाठ नको हे १९९३ मध्येच सांगितलं होतं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर २ तास. वहिनींचे त्या एका रात्रीतच तीन तास गेले होते.

मी जर्मनीत, कोलोनला राहते. आमच्या राज्यात पहिली-दुसरीच्या गृहपाठाला ३० मिनिटांची मर्यादा आहे, तिसरी-चौथीला ४५. त्याला गुण नसतात. मुलाच्या शाळेतल्या पहिल्याच पालकसभेत बाईंनी सांगितलं होतं, “वेळ संपली की थांबा. जिथे अडलं तिथे रेघ मारून सही करा. उरलेलं तुम्ही पुरं करू नका.”

मला ते जमलं नाही. दुसरीत असताना मुलाची हातच्याची वजाबाकी अडली. शेवटची तीन गणितं मी उत्तरं सांगून लिहून घेतली. असं दोन आठवडे चाललं. बाईंना वही स्वच्छ दिसत होती, म्हणून त्या पुढे गेल्या. आणि एक दिवस वर्गात त्याचा कागद कोरा राहिला. त्याला कळत नाही हे बाईंपर्यंत पोचवणारी एकच वाट होती, ती मीच बुजवली होती.

माझं जर्मन कच्चं, त्यामुळे भाषेच्या अभ्यासात मी त्याला काहीच मदत करू शकत नव्हते. हे बाईंना सांगताना मला रडू आलं. बाई म्हणाल्या, “घरी मराठीतच बोला, मराठी गोष्टी वाचून दाखवा. जर्मन शिकवणं माझं काम.” आपल्याकडे इंग्रजी शाळेत मूल घातलेल्या किती आयांना हे वाक्य ऐकायला मिळतं? त्या पहिलीपासूनच शिकवणी लावतात. आणि ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, त्यांचा चार्ट रात्री कोण चिकटवणार?

इथलं सगळंच चांगलं नाही. चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात, आणि त्यात आईवडिलांचं शिक्षण फार वजन टाकतं. ते मला मुळीच पटत नाही. पण अडलं तिथे मारायची ती रेघ आपण घ्यावी असं मनापासून वाटतं.

वहिनींना म्हटलं, चार्ट तसाच ठेवा, सकाळी तिला जमेल तेवढं तिलाच चिकटवू द्या. त्या म्हणाल्या, “आणि भिंतीवर फक्त सुबक चार्ट लागले तर?”

भिंतीवर काय लावायचं ते शाळा ठरवते. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत त्या हेच विचारणार आहेत.