सर्व्हर वाढवताना लायसन्सचा विचार कसा टाळावा

आपली कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये असेल, बॅकअप सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा इशारा रोज सकाळी मेलमध्ये येऊन पडत असेल आणि साहेबांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता ‘या तिमाहीत वाढवून टाका’ असे फर्मावले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. यापुढे आपल्याला एकच पथ्य पाळायचे आहे. नवा सर्व्हर रॅकमध्ये बसेपर्यंत ‘लायसन्स’, म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याचा परवाना, हा शब्द कोणत्याही बैठकीत काढायचा नाही. लग्नाच्या बोलणीत देण्याघेण्याचा विषय जसा पोहे संपल्यावर आणि माघार घेणे अवघड झाल्यावरच निघतो, तसाच हाही निघू द्यावा.

कोटेशन मागवताना डिस्क किती, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) कोणते, पॉवर सप्लाय एक की दोन, याची खोलात जाऊन चौकशी करावी. मी पाहिलेल्या एका कोटेशनमध्ये लायसन्ससाठी स्वतंत्र ओळ होती आणि तिच्यापुढे रकमेच्या जागी ‘ॲज ॲप्लिकेबल’ एवढेच छापले होते. आमच्या खरेदीप्रमुखांनी वरच्या सगळ्या आकड्यांवर दोन-दोन टक्क्यांची घासाघीस केली आणि या ओळीपुढे मात्र हिरव्या शाईने बरोबरची खूण केली, कारण जिथे आकडाच नाही तिथे कमी काय करणार?

घासाघीस करून झाली की पुरवठादार हमखास म्हणतो, ‘साहेब, तेवढ्याच पैशात सोळाऐवजी बत्तीस कोअर देतो.’ कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग, आणि ही संधी अजिबात सोडू नये. भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर कोणी परत करते का? विंडोज सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीचे लायसन्स २०१६ च्या आवृत्तीपासून कोअरवर मोजले जाते, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरले जातात, हे कोणी सांगू लागल्यास त्याला हळूच दुसऱ्या विषयाकडे वळवावे. आपल्या जुन्या सर्व्हरमध्ये आठ-आठ कोअरचे दोन प्रोसेसर होते आणि किमान संख्येतच त्याचे भागत होते. नव्यात सोळा-सोळाचे दोन आहेत, म्हणजे लायसन्स थेट दुप्पट. बरे, स्टँडर्ड आवृत्तीचे सगळे कोअर एकदा मोजून पैसे भरले की दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालवण्याची मुभा मिळते. आपण बॅकअपसाठी एक, त्याच्या डेटाबेससाठी एक आणि ‘जागा आहेच तर’ म्हणून हजेरीच्या सॉफ्टवेअरला एक, अशी तीन मशीन उभी करतो. तिसऱ्यासाठी त्याच बत्तीस कोअरचे पैसे पुन्हा भरावे लागतात, आणि एका खोक्यासाठी चौसष्ट कोअरचे बिल होते. रात्री फायली कॉपी करणाऱ्या या यंत्राला डेटा दाबून लहान करण्याच्या कामी थोडेबहुत कोअर लागतात हे खरे, पण त्याचा बहुतेक वेळ डिस्कची आणि नेटवर्कची वाट पाहण्यात जातो. तरीही ऐपतीचा प्रश्न असतो. शेजारच्या गाळ्यातल्या कंपनीकडे बत्तीस आहेत म्हटल्यावर आपण सोळावर कसे राहायचे?

बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना ‘किती टीबी (टेराबाइट)?’ एवढेच विचारावे आणि ‘कोणता टीबी?’ हे कदापि विचारू नये. काही उत्पादने मूळ डेटावर, म्हणजे बॅकअप घेण्याआधी सर्व्हरवर जेवढे पडले आहे त्यावर लायसन्स मोजतात, तर काही उत्पादने बॅकअपच्या डिस्कवर प्रत्यक्ष किती साठले आहे त्यावर. पहिल्या प्रकारात आपण तीस दिवसांच्या प्रती ठेवा की तीनशे दिवसांच्या, लायसन्स तेवढेच राहते, मात्र अकाउंट्स विभागाने जुन्या कॅमेऱ्यांचे चित्रण फाइल सर्व्हरवर ओतले की ते फुगते. दुसऱ्या प्रकारात प्रती वाढवल्या की बिल वाढते आणि पुनरावृत्ती काढून टाकणारी सोय चालू केली की कमी होते. याशिवाय सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या संख्येवर, मोजणारे आहेत, आणि प्रत्येक व्हर्च्युअल मशीन, प्रत्येक संगणक यांना एकेक भार धरून मोजणारेही आहेत. वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती असे दहा भार सांभाळते. आपल्याकडे अकरा असतात, हा निसर्गनियम समजावा. यातले कोणते माप आपल्याला लागू आहे हे करारावर सही होण्याआधी कळले, तर निवड करण्याची जबाबदारी अंगावर येते. ती टाळलेली बरी.

आता सर्वांत मोलाचा सल्ला. पैसे मंजूर होईपर्यंत विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती टाकून घ्यावी. ती १८० दिवस बिनतक्रार चालते, आणि सहा महिने म्हणजे आपल्या मंजुरीच्या फाइलीला खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जायला लागणारा वेळ. मुदत संपल्यावर तो सर्व्हर दर तासाने आपोआप बंद होतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. रात्री अकराला सुरू झालेला बॅकअप बाराला पडायचा, सुरक्षारक्षक खालून फोन करून ‘साहेब, तुमच्या खोलीतला पंख्याचा आवाज गेला’ असे कळवायचा आणि कोणीतरी घोडबंदर रस्त्याच्या ट्रॅफिकमधून येऊन बटण दाबायचा. चार तासांचा बॅकअप आम्ही चार हप्त्यांत घ्यायचा प्रयत्न केला. कर्जाचे हप्ते जमतात, बॅकअपचे जमत नाहीत, कारण प्रत्येक वेळी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

त्यावर कोणीतरी आठवण करून देईल की जुन्या सर्व्हरसोबत लायसन्स आलेच होते, तेच नव्यावर चढवू या. अवश्य प्रयत्न करावा. ते यंत्रासोबत आलेले ओईएम लायसन्स असते आणि त्या यंत्रासोबतच संपते, ही बारीक अक्षरांतली बाब आहे आणि बारीक अक्षरे वाचायला चष्मा लागतो. कपाटाच्या खालच्या खणात, दिवाळीच्या रिकाम्या मिठाईच्या खोक्याखाली, लायसन्सच्या किल्लीचे (प्रॉडक्ट की) स्टिकर लावलेला एक पिवळा लिफाफा सापडेल. त्यावरची शेवटची पाच अक्षरे हमखास पुसलेली असतात. कॅल नावाचा आणखी एक प्रकार आहे, म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा यंत्रासाठी घ्यायचे लायसन्स. ते सर्व्हरच्याच किंवा त्याहून नव्या आवृत्तीचे असावे लागते. त्यामुळे २०१६ चे जपून ठेवलेले कॅल २०२२ च्या सर्व्हरपुढे उपयोगाचे नाहीत. या विषयावर अधिक न बोललेलेच बरे, आमच्याकडे तेव्हा फार बोलणे झाले होते.

व्हर्च्युअलायझेशनच्या थराकडेही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन उभी करणाऱ्या सॉफ्टवेअरकडेही, दुर्लक्ष करावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने असे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली आणि तेथे प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून वर्गणी भरणे आले. म्हणजे एकाच खोक्यात, एकाच प्रोसेसरचे, एक कंपनी किमान आठ मोजते आणि दुसरी किमान सोळा. कोअर तेच, पट्टी वेगळी.

एखादा नवा मुलगा, हाताने संगणक जोडलेला, बॅकअपची साठवण लिनक्सवर ठेवू या, तिथे विंडोजचे लायसन्सच लागणार नाही, असे सुचवेल. त्याला प्रशिक्षणासाठी दूर पाठवावे. प्रॉक्समॉक्स कंपनीचे ‘बॅकअप सर्व्हर’ हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे आहे आणि वर्गणी आधारसेवा आणि तपासलेली अद्यतने हवी असतील तरच भरायची असते, हे त्याने बैठकीत बोलून दाखवले तर इतकी वर्षे आपण काय भरत होतो, असा प्रश्न साहेबांना पडू शकतो.

बॅकअपची दुसरी प्रत मात्र ठेवाच, आणि ती नवी मुंबईतल्या महाप्याच्या युनिटमध्ये ठेवावी. ठाण्यात पूर आला, वीज गेली, तर खाडीपलीकडे सगळे कोरडे आणि उजेडात असते, अशी आपली श्रद्धा आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदमच अंधारात गेली होती, पण तो अपवाद मानावा. महाप्याचा सर्व्हर एरवी बंदच राहणार, मग त्याला लायसन्स कशाला, असा युक्तिवाद करावा. मायक्रोसॉफ्ट अशी मुभा देते, मात्र सॉफ्टवेअर अश्युरन्स ही तिची जोडयोजना घेतलेली असेल तरच, आणि चाचणीसाठी तो सर्व्हर दर नव्वद दिवसांत एकाच आठवड्यात थोडा वेळ चालू करता येतो. डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकलच्या धोरणात बॅकअपची प्रत विनालायसन्स यंत्रावर तपासण्याची सोय वर्षातून चार वेळा आहे, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त दोन दिवस. आपल्याला या मर्यादांची भीती बाळगण्याचे कारण नाही. आपण बॅकअपवरून डेटा रिस्टोअर करून, म्हणजे परत उतरवून, कधी पाहतच नाही.

कायद्याचा दाखला हवाच असेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ मिरवावे. तात्पुरते संरक्षण म्हणून संगणक प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करायला त्यात मुभा आहे. ‘बॅकअप’ हा शब्द मोठ्याने वाचावा. ती मुभा कायदेशीररीत्या जवळ असलेल्या प्रोग्रॅमच्या प्रतीबद्दल आहे, आपल्या बत्तीस कोअरच्या खोक्याबद्दल नाही, हे पुढचे वाक्य पुटपुटावे. कलम ६३ब चे पान तर उलटूच नये. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला त्यात किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिला आहे, आणि ‘जाणूनबुजून’ या शब्दासाठीच तर आपण इतका वेळ काही जाणून घेतलेले नाही.

शिवाय ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपनीच्या हिशोबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. म्हणजे बॅकअप बंद ठेवून लायसन्स वाचवण्याचा मार्गही खुंटला.

एक दिवस सॉफ्टवेअर कंपनीचे पत्र येईल. ‘आपल्या वापराचा आढावा घेण्यात आम्हाला आनंद होईल’ असे त्यात नम्रपणे लिहिलेले असेल, आणि सोबत एक कोरा तक्ता, ज्यात सर्व्हर, प्रोसेसर, कोअर आणि व्हर्च्युअल मशीन यांचे रकाने असतील. डिस्कचा रकाना नसेल. आपण खरेदीच्या वेळी इतक्या काळजीने मोजलेले टेराबाइट भरायला त्यात कुठेच जागा नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. पत्र नीट स्कॅन करावे आणि बॅकअप सर्व्हरवर टाकावे. फक्त घड्याळ पाहून टाकावे, तास भरत आला असेल तर थोडे थांबावे.