पखवाज गवसणीत गेला, त्यानंतरचे गाणे

आज दुपारी माझा भाचा जेवायला आला होता. तो इथे संभाजीनगरातच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गिटार चांगली वाजवतो, आणि माझ्या दादाने नव्वदच्या दशकात जमवलेल्या इंग्रजी कॅसेटींचा खोका आता त्याच्याकडे आलेला आहे. जेवताना त्याच्या मोबाइलवर लेड झेपलिन या जुन्या इंग्रजी रॉक बँडच्या २००७ सालच्या लंडनमधल्या कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू होते. ते बघता बघता बँडच्या गायकाबद्दल तो सहज म्हणाला, "आत्या, हा रॉबर्ट प्लांट फितूर निघाला बघ. लोक जीव टाकत होते, तरी यानं बँड पुन्हा उभा राहू दिला नाही. आणि एकट्यानं गाऊन असं काय मोठं केलं?" माझ्या हातात वरणाची पळी होती, ती तशीच थांबली. जेवणाऱ्याला ताटावर बोलू नये असे आईने शिकवले आहे, म्हणून मी गप्प बसले. आता रात्रीचे साडेदहा वाजून गेले आहेत आणि तो शब्द काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

फितूर. गाणाऱ्या माणसाबद्दल हा शब्द मी याआधी एकदाच ऐकला आहे, आणि तो या मुलाच्या सख्ख्या आजोबांसाठी वापरला गेला होता.

आमचे गाव गंगाखेडपासून जवळ, गोदावरीच्या काठी. आम्ही तिला गंगाच म्हणतो. गावच्या भजनी मंडळात अण्णा, म्हणजे माझे वडील, गात आणि शेजारचे काका पखवाज वाजवीत. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, एकाच शाळेतून एकाच वर्षी बाहेर पडलेले. अण्णांचा गळा काळी चार या उंच पट्टीला सहज जाई, आणि नाथांची एक गौळण ते अशी उचलत की सप्ताहात केवळ तिच्यासाठी शेजारच्या गावांतून लोक बैलगाड्या जुंपून येत. किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात काका गेले. एकादशीच्या भजनात छातीत जड वाटते म्हणून ते लवकर उठले आणि पहाटेपर्यंत सारे संपलेले होते. त्या गडबडीत पखवाजाच्या धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक काढायची राहून गेली. तेरावा झाल्यावर अण्णांनी पखवाज देवळातून घरी आणला, तेव्हा ती कणीक वाळून वैशाखातल्या काळ्या रानासारखी भेगाळली होती. अण्णांनी तिच्यावर ओले फडके ठेवले, बराच वेळ नुसतेच बसून राहिले, आणि मग अंगठ्याच्या नखाने ती थोडी थोडी खरवडून काढली. नंतर पखवाजाला गवसणी घातली आणि तो काकांच्या घरी नेऊन दिला. मी तेव्हा आठवीतून नववीत जात होते, आणि उंबऱ्यावर बसून हे सगळे पाहत होते. त्यानंतर अण्णा मंडळात गायले नाहीत.

रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बोनम हे लेड झेपलिनच्या आधीपासूनचे सोबती. दोघेही इंग्लंडच्या कारखानदारीच्या पट्ट्यातले, आणि 'बँड ऑफ जॉय' नावाच्या एका लहान बँडमध्ये एकत्र राबलेले. १९६८ साली गिटारवादक जिमी पेज नवा बँड जमवू लागला तेव्हा प्लांट जेमतेम २० वर्षांचा होता, आणि बोनमचे नाव त्यानेच पुढे केले. १९७७ मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना प्लांटचा ५ वर्षांचा मुलगा आजाराने गेला. गाणेच सोडून द्यावे या विचारापर्यंत आलेल्या त्या बापाजवळ बसून त्याला परत आणणारा माणूस बोनम होता. आणि २५ सप्टेंबर १९८० रोजी तोच बोनम, अतोनात दारू प्यायल्यानंतर, वयाच्या ३२ व्या वर्षी झोपेतच गेला. डिसेंबरात उरलेल्या तिघांनी पत्रक काढून कळवले की आम्ही आहोत तसे पुढे जाऊ शकत नाही. नवा ड्रमर मिळाला नसता असे थोडेच होते? जगातला कोणताही वादक धावत आला असता. परंतु त्यांना ड्रमर नको होता, त्यांचा माणूस गेला होता. यात फितुरी कुठे आली, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

१९८२ साली प्लांटचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम आला. त्यातल्या बहुतेक गाण्यांत ड्रम फिल कॉलिन्सने वाजवले, जो स्वतः त्याच सुमारास जेनेसिस या बँडमध्ये राहूनही वेगळे गाऊ लागला होता. पुढची कित्येक वर्षे प्लांट आपल्या कार्यक्रमांत झेपलिनची गाणी गातच नसे. ज्या गाण्यांनी त्याला घर, पैसा, नाव सगळे दिले, ती बाजूला ठेवून ज्यांची कुणाला ओळखही नाही अशी नवी गाणी घेऊन हजारो माणसांसमोर उभे राहायचे, याला किती छाती लागते ते कधी रंगमंचावर उभे राहिलेल्यालाच कळेल. त्या दशकातले त्याचे काही काम सिंथेसायझरच्या आवाजामुळे आज जुनाट वाटते, हे मान्य आहे. असू दे. नव्या वाटेने जाणाऱ्याचे पहिले काही कोस धुळीतच जातात.

आमच्या अण्णांकडेही लोक येत. नारळ घेऊन येत, पुढच्या गावच्या सप्ताहाचे निमंत्रण घेऊन येत, ओसरीवर बसत आणि म्हणत, "अण्णा, तेवढी गौळण म्हणा, बाकी काही नको." अण्णा चहा पाजत आणि हात जोडत. एकदा पारावर मंडळातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर म्हटले, "गवई फितूर झाला, मंडळ बुडालं." आई दळण घेऊन तिथूनच येत होती. तिने घरी येऊन डबा ठेवला आणि त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. ज्यांनी अण्णांना फितूर म्हटले, त्यांच्यापैकी एकानेही अण्णा पहाटे काय करतात हे कधी येऊन पाहिले नाही. पहाटे चारला उठून अण्णा एकतारी घेत आणि जनाबाईचे अभंग म्हणत. पूर्वीची पट्टी त्यांनी सोडून दिली होती. ते इतक्या खालच्या स्वरात गात की शेजारच्या खोलीतल्या माणसाचीही झोप मोडू नये. दळणाकांडणाच्या ओव्या ज्या आवाजात म्हटल्या जात, तो आवाज त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर, कुणी शिकवणारे नसताना, स्वतःचा स्वतः शोधून काढला होता.

हे आठवले की मला राग आवरत नाही. गाणारा माणूस म्हणजे काय तुमच्या तरुणपणाचा राखणदार आहे? तुम्ही विशीत होता तेव्हा त्याने ज्या पट्टीत किंकाळी फोडली, त्याच पट्टीत त्याने सत्तरीतही फोडावी, म्हणजे तुम्हाला दोन घटका विशीत गेल्यासारखे वाटेल, आणि त्याच्या गळ्याचे, त्याच्या दुःखाचे, त्याला आता जे गावेसे वाटते त्याचे काय होते याच्याशी तुम्हाला काही कर्तव्य नाही! १९८५ साली लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात जगाच्या आग्रहाखातर ते तिघे फिलाडेल्फियाच्या मैदानात उभे राहिलेच होते. सरावाला वेळ मिळाला नव्हता आणि प्लांटचा गळा बसलेला होता. तो कार्यक्रम इतका फसला की पुढे त्याची डीव्हीडी निघाली तेव्हा आपला भाग त्यात घेऊ नका असे त्यांनीच सांगितले. आग्रहाने उठवलेल्या गाण्याचे असेच होते.

आणि भाच्याचा प्रश्न असा की एकट्याने काय केले. मुळात हा माणूस पहिल्यापासून कान उघडे ठेवून जगलेला आहे. १९७२ साली, बँड अगदी शिखरावर असताना, तो आणि जिमी पेज मुंबईत आले आणि तिथल्या वादकांना सोबत घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे लोकांपुढे यायला २०१५ साल उजाडले. १९९४ मध्ये तो पेजबरोबर पुन्हा आला तो इजिप्त आणि मोरोक्कोचे वादक घेऊन, आणि एका जुन्या गाण्यात भारतीय वंशाच्या नजमा अख्तरचा आवाज शेजारी घेऊन. २००३ मध्ये मालीतल्या वाळवंटात, टिंबक्टूच्या पलीकडे भरणाऱ्या संगीत महोत्सवात तो जाऊन गायला. मग २००७ च्या ऑक्टोबरात ॲलिसन क्राउसबरोबरचा 'रेझिंग सँड' आला. ती ब्लूग्रास हे अमेरिकी लोकसंगीत गाणारी, व्हायोलिन वाजवणारी बाई, आणि हा एकेकाळी मैदाने हादरवणारा गडी. पूर्ण अल्बमभर तो तिच्या आवाजाच्या बाजूला, अर्ध्या पावलाने मागे उभा राहून गातो. त्यातले 'प्लीज रीड द लेटर' हे गाणे त्याने १९९८ साली पेजबरोबर आधीच गायलेले होते. तेव्हा ते गिटारींच्या गजरात होते. नऊ वर्षांनी तेच गाणे त्याने जवळजवळ कुजबुजत म्हटले, आणि २००९ च्या ग्रॅमीमध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा मान मिळाला. त्या एका संध्याकाळी त्या दोघांनी ५ ग्रॅमी घेतले. मला पुरस्कारांचे अप्रूप नाही. पण ते पत्राचे गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले. काळी चार सोडून खाली उतरलेल्या गळ्यात काय असते, हे मी लहानपणी पहाटे अंथरुणात ऐकलेले होते. ते मला पुन्हा ऐकू आले.

आता त्या लंडनच्या कार्यक्रमाबद्दल, जो पाहून भाचा इतका हळहळला. १० डिसेंबर २००७. त्यांची गाणी काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक अहमत अर्तेगुन यांच्या स्मरणार्थ ते एका रात्रीपुरते एकत्र आले. एवढ्याशा सभागृहाच्या तिकिटांसाठी २ कोटी मागण्या आल्या असे तेव्हा सांगितले गेले. ड्रमवर बोनमचा मुलगा जेसन होता. प्लांट पूर्ण ताकदीने गायला, 'स्टेअरवे टू हेवन' हे ते प्रसिद्ध आठ मिनिटांचे गाणेही गायला. दुसऱ्या दिवसापासून सगळे जग म्हणू लागले की आता मुलगा आहे, मग बँड सुरू करा. प्लांट क्राउसबरोबर दौऱ्यावर निघून गेला.

हे मी लिहीत असताना माझ्या लक्षात आले की मी आमच्याच गावची गोष्ट लिहीत आहे. काकांच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा काकू स्वतः आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तिच्या हळदीला गौळण होऊ द्या." अण्णा नाही म्हणाले नाहीत. काकांच्या मुलाने गवसणी काढली, त्याच पखवाजाच्या धुमेला ताजी कणीक लावली, आणि चार वर्षांनी अण्णा त्याच पट्टीत गायले. शेवटच्या तिहाईला त्यांनी त्या मुलाकडे पाहिले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मांडवातली बायामाणसे पदराने डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळातली माणसे ओसरीवर हजर झाली की आता पोरगा तयार आहे, पुन्हा मंडळ उभे करू. अण्णांनी चहा पाजला आणि हात जोडले. त्या मुलाला मात्र त्यांनी पुढे दोन वर्षे आठवड्यातून दोनदा बोलावून अभंगाची साथ शिकवली.

टाळकऱ्यांचे काय, असे कुणी विचारील. जिमी पेज आणि बास गिटार वाजवणारा जॉन पॉल जोन्स यांना पुढे जायचे होते, त्यांनी जेसनला घेऊन दुसऱ्या गायकांबरोबर सरावही करून पाहिला, आणि ते जमले नाही. त्यांचे नुकसान झाले, तसे आमच्या मंडळातल्या माणसांचेही झाले. त्यांच्या आयुष्यातला एक आनंद अण्णांनी काढून घेतला, हे खरे आहे. मी ते नाकारत नाही. पण एकाच्या गळ्यावर बाकीच्यांचा हक्क किती, याचे उत्तर मागायचे असेल तर ते त्या गळ्याच्या धन्यालाच मागावे लागेल, आणि त्याने दिलेले उत्तर ऐकून घ्यावे लागेल.

प्लांट आज पंचाहत्तरी ओलांडलेला आहे. २०१९ पासून 'सेव्हिंग ग्रेस' नावाचा एक लहान संच घेऊन तो लहानलहान सभागृहांत गातो, शेजारी सुझी डायन ही गायिका असते, आणि त्या संचाचा अल्बम २०२५ मध्ये आला. मैदाने भरवण्याची ऐपत असलेल्या माणसाने हे निवडले आहे. मधल्या काळात, २०१० साली, त्याने एका अल्बमला 'बँड ऑफ जॉय' हे नाव दिले होते. बोनमबरोबर उमेदवारी केली त्या पहिल्या बँडचे नाव. बोनमला जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. ज्याला फितूर म्हणता, तो असे नाव देईल का?

लिहिता लिहिता राग उतरला आहे. पोराची चूक नाही. त्याला त्याचे आजोबा आठवत नाहीत, तो दोन वर्षांचा असताना अण्णा गेले. दादाने सुटीत घरी आल्यावर टेपरेकॉर्डर लावून अण्णांची एक पहाट भरून घेतली होती, ती कॅसेट माझ्या कपाटात आहे, आणि तिचे मी मागेच मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे. आताच भाच्याला तीन गोष्टी पाठवल्या: पत्राचे ते गाणे १९९८ चे, तेच २००७ चे, आणि आजोबांचा जनाबाईचा अभंग. शेवटच्याला एवढेच लिहिले की सुरुवातीला एकतारीची तार जुळवण्याचा आवाज आहे, तो कापू नकोस, आणि मध्येच जो बादलीचा आवाज येतो तो तुझ्या आजीचा आहे. निळ्या खुणा उमटल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.