सर्व्हर डाऊन, पोर उपाशी

बाप्पा, अंगणवाडीतून दीड वर्षाच्या पोराचा आहार न्यायचा तर माझं तोंड मोबाईलमधल्या फोटोशी कशाला जुळायला पाहिजे? टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं पाकीट समोर टेबलावर पडलेलं असते. सेविकाताई मला लग्न होऊन या वस्तीत आले तेव्हापासून ओळखते, पण तिच्या मोबाईलमधलं ते सरकारी ॲप, पोषण ट्रॅकर, ओळखत नाही! "डोळे मिचकाव", "उजेडात ये", "चष्मा काढून पाहा". वर टिनाचं छत, नागपूरचं ऊन, आणि मोबाईलवर ते गोल चाक फिरतच राहते. त्यात आधारला नंबर नवऱ्याचा. तो बुटीबोरीला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. घ्या ओटीपी!

जुलै 2025 पासून म्हणे हे चेहरा पटवणं सक्तीचं. अंगणवाड्या 1975 पासून चालू आहेत, तेव्हा काय भुतं येऊन आहार नेत होती? चोरी थांबवायची तर थांबवा ना, कोण नाही म्हणते. पण गोदामाच्या वाटेवर कोणाला डोळे मिचकवायला लावता का?

ताईवर चिडून तरी काय फायदा. तिला मिळते मानधन, आणि काम म्हणाल तर वजन, उंची, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी हाका, वरून कुठं कुठं मतदार यादीचंही लचांड. ती नेटवर्क शोधत दारात उभी, अन् आत तीन ते सहा वर्षांची पोरं एकमेकांच्या झिंज्या ओढत बसलेली. हेच का ते पूर्वप्राथमिक शिक्षण?