लॉगिनच्या टेस्ट हिरव्यागार कशा ठेवाव्यात

परवाच्या रिलीजनंतर लोक पहिल्याच चुकीला लॉक होऊ लागले, आणि कोड तपासणाऱ्या टेस्ट? सगळ्या हिरव्या, म्हणजे पास! असं यश तुम्हालाही लाभावं म्हणून हे अनुभवाचे बोल.

टीडीडी, म्हणजे आधी टेस्ट मग कोड, करतो असं सगळ्यांना सांगा. प्रत्यक्षात कोड आधी लिहा, टेस्ट नंतर चिकटवा. टेस्ट आधी लाल झालेली बघावी वगैरे सोवळं आता कोण पाळतं?

दिसेल त्याचा मॉक करा, म्हणजे खऱ्याच्या जागी पढवलेला तोतया बसवा. अकाउंट साठवणारी रिपॉझिटरी, अकाउंट, पासवर्ड ताडून बघणारा एन्कोडर, सगळ्यांचा. पासवर्ड जुळला का विचारल्यावर एन्कोडरनं ‘हो’ म्हणावं हे तुम्हीच पढवा आणि मग लॉगिन होतं का ते तपासा. होतंच! पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा, आपणच तपासायचा.

आर्ग्युमेंटच्या जागी सरसकट ‘एनीस्ट्रिंग’, म्हणजे ‘कुठलाही मजकूर चालेल’, टाका. युजरनेम आणि पासवर्डची अदलाबदल झाली तरी टेस्ट हूं की चूं करत नाही.

अकाउंट लॉक आहे का, हे मॉकला शिकवायला विसरलात? मॉकिटो, म्हणजे मॉक बनवणारी जावाची लायब्ररी, आपणहून ‘फॉल्स’ देते. दार उघडंच.

आता मुख्य गोष्ट. तीन चुकांनंतर अकाउंट लॉक करायचंय ना? चुकांचा काउंटर लॉगिन सर्व्हिसमध्येच फील्ड म्हणून ठेवा. टेस्टमध्ये काही बिघडत नाही, कारण दर टेस्टला नवी सर्व्हिस बनते आणि काउंटर शून्यावर येतो. प्रॉडक्शनमध्ये मात्र एकच सर्व्हिस सगळ्या युजरना पुरते. म्हणजे एक चुकला, दुसरा चुकला, आणि तिसरा बिचारा आयुष्यात पहिल्यांदा चुकला की लॉक तो! यावर घाईचा इलाजही तयार ठेवा: मागचं युजरनेम लक्षात ठेवायचं आणि नाव बदललं की काउंटर शून्य. मग कुणीही दोन नावं आलटूनपालटून टाकत हवे तितके पासवर्ड चाचपत बसावं. बरं, लॉक झालेल्यांना सपोर्टनं सोडवलं, तरी पुन्हा लॉकच. का? तर अनलॉकची मेथड बोलावली का, एवढंच व्हेरिफाय केलेलं. बदल डेटाबेसात सेव्ह झाला का हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही! सुचणार कसं, मॉकला कुठे डेटाबेस असतो?

आणि तरीही वर तोंड करून विचारतात, ‘कव्हरेज तर भरपूर आहे ना?’ अरे, कव्हरेज म्हणजे ती ओळ चालली. बरोबर चालली असं कोण म्हणालं?

थट्टा पुरे, आता खरं. मॉक बाहेरच्या, आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचा करा: मेल, ओटीपीचा गेटवे, फार तर घड्याळ. अकाउंट हा साधा ऑब्जेक्ट आहे, खराच बनवा. चुकांची मोजणी त्या अकाउंटपाशीच ठेवा आणि सेव्ह करा. रिपॉझिटरीचा इन-मेमरी फेक, म्हणजे डेटाबेसाऐवजी मेमरीतच साठवणारी साधी नक्कल, लिहिलात तर त्यातून कॉपी परत द्या, नाहीतर विसरलेला सेव्ह तिथेही लपतो. पासवर्डचा खरा हॅश (सांकेतिक रूप) आणि खरा डेटाबेस घेऊन निदान एक टेस्ट चालवा. आणि एकाच सर्व्हिसवर दोन युजर चुकवून बघायला काय धाड भरली होती? चार ओळींची टेस्ट आहे ती! यापुढे अकाउंटचा मॉक दिसला तर मी रिव्ह्यू करत बसणार नाही, पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड सामील करून घ्यायची विनंती, तिथल्या तिथे बंद करीन.