नानाच्या चहातली गोळी

रविवारी टिळक रोडच्या कट्ट्यावर नानाने बिनसाखरेचा चहा मागवला, खिशातून चपटी डबी काढली आणि साखरेऐवजीची एक पांढरी गोळी कपात टाकली. ती फेसाळून विरघळेपर्यंत दिलीप बोलून मोकळा, "कॅन्सर होईल. उंदरांना झालाय."

झालाय, हे खरंच. १९७० च्या दशकात सॅकरिन हे साखरेऐवजी वापरायचं गोड रसायन भरपूर खाऊ घातलेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आल्या. १९७७ मध्ये कॅनडाने बंदी आणली, अमेरिकेत पाकिटांवर इशारा छापला गेला.

"मग संपलं की!"

"संपलं कसं? गाठी का आल्या, ते नको शोधायला?" मंजिरी फार्मसी शिकवते, ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. "खाद्यात पाच-साडेसात टक्के सॅकरिन होतं रे! काही प्रयोगांत तर आधी कॅन्सर करणारं दुसरं रसायन थोडंसं द्यायचे आणि मग सॅकरिन. म्हणजे सुरुवात एकाने करायची, वाढवायचं दुसऱ्याने. सॅकरिन थेट डीएनए बिघडवत नाही. त्या उंदरांच्या लघवीत प्रथिनं आणि कॅल्शियम फॉस्फेट जास्त, त्याचे बारीक खडे होतात, मूत्राशयाचं अस्तर खरवडलं जातं. ते भरून काढायला पेशी सारख्या वाढत राहतात, त्यातून गाठ."

"कंपन्यांनी सांगितलं असेल."

"व्हिटॅमिन सीचा सोडियम क्षार भरमसाट दिला तरी उंदरांत असंच होतं. त्यात कुठली कंपनी आली?"

माणसाच्या लघवीत तसे खडे होत नाहीत. म्हणून २००० साली अमेरिकेने सॅकरिनचं नाव संशयित यादीतून काढलं, इशाराही गेला. मला यात उंदरांवरचा प्रयोग वाया गेलेला दिसत नाही. त्याने धोक्याची घंटा वाजवली, पुढचं काम कारण शोधणाऱ्यांनी केलं. आपल्याकडे मात्र पहिली बातमी घरोघर पोचते, दुसरी कुणी वाचत नाही, याचा मला खरंच राग येतो.

नानाने डबी उलटी केली. "यात सॅकरिन नाही, दुसरं गोड रसायन अ‍ॅस्पार्टेम आहे. त्याचं काय?"

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) कॅन्सर-संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याला २बी गटात टाकलं: कदाचित कॅन्सरकारक, पुरावा तोकडा. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञसमितीने रोजची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅमच ठेवली. नाना साठ किलोचा, म्हणजे २४०० मिलिग्रॅम. गोळीत १८. दिवसाला शंभरावर गोळ्या झाल्या.

दिलीप हटला नाही. "पण डब्ल्यूएचओच म्हणतंय ना, वजनासाठी हे घेऊ नका?"

"म्हणतंय," मंजिरी म्हणाली, "पण आधीपासून डायबेटिस असलेल्यांना वगळून. तू वजनासाठी डाएट कोला पितोस, तो सल्ला तुला आहे. नानाला नाही."