"पैसे पाण्यात गेले" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा एक स्टार बघितला. माइट (मधमाश्यांवर जगणारा बारीक परजीवी) मारायला हीटिंगला दिलेल्या पोळ्याच्या फ्रेममधली एक वाकून आली, तीन आठवड्यांत माइट परत दिसले आणि सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पाळणाऱ्यांना तर असलं काही करावंच लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

फ्रेमची चूक आमचीच. नवं पांढरं पोळं होतं, वर मधाचा पट्टा भरलेला, आणि ४२ डिग्रीला मेण वितळत नाही पण इतकं मऊ पडतं की मधाच्या वजनानेच पोळं खाली बसतं. पोराने अंगठ्याने दाबून बघायला पाहिजे होतं, नाही बघितलं. त्या फ्रेमचे पैसे परत करतोय.

माइटचं मात्र ऐका. कॅबिनेटमध्ये आपण माशा झटकून फक्त सील ब्रूडच्या, म्हणजे झाकण बंद झालेल्या पिल्लांच्या, फ्रेम ठेवतो, दोन तास, खाली पाण्याचा ट्रे, नाहीतर कोष सुकतात. तेवढी उष्णता कोषाला सोसते, झाकणाखालच्या माइटला नाही. पण पेटीत राहिलेल्या माशांच्या अंगावरचे माइट तसेच राहतात आणि पुढच्या अळीच्या घरात शिरतात, म्हणून तर आठवड्याने दुसरा राउंड घ्या म्हणालो होतो, तुम्हाला कांद्याच्या बियाण्यावर पेट्या न्यायची घाई होती. तिथे शेजारी दुसऱ्यांच्या पेट्या, त्यांच्या माशा भरकटून आपल्यात येतात त्या माइट घेऊनच.

आख्खी पेटी का तापवली नाही विचारलंत, तर तशा पेट्या आहेत, झेकमध्ये उन्हावर तापणारी पण आहे. पण जास्त तापलं की राणीच्या पोटात साठलेलं वीर्य खराब होतं, राणी दिसायला ठणठणीत आणि अंडी मात्र नराची घालायला लागते. तुमच्या राण्यांवर हा जुगार मी नाही खेळणार.

आणि सातेरी हीच या माइटची मूळ यजमान हो, तिच्यात तो नराच्या ब्रूडमध्येच वाढतो, तुमच्या मेलिफेरात, म्हणजे युरोपीय माशीत, कामकरीच्याही, तुलना कशी करायची?

रविवारी पेट्या कुठे असतील ते कळवा, बरणी आणि पिठीसाखर घेऊन येतो, अर्धा कप म्हणजे ३००-एक माशा तुमच्यासमोर साखरेत हलवून गळालेले माइट मोजू. नऊच्या वर माइट पडले तर दुसरा राउंड माझ्याकडून, भाडं नको, फक्त राणी कुठल्या फ्रेमवर आहे तेवढं आधी बघून ठेवा.